ऑटो मोडवाला इन्सुलिन पंप रोज कसा वापरायचा: पंपाला काय दिसतं आणि काय दिसत नाही

पंप घ्यायचा विचार करणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात, की हा लावला की मग आपल्याला काहीच करायला नको ना? करावं लागतं. पूर्वीपेक्षा कमी करावं लागतं, पण जे करायचं ते वेगळं असतं, आणि तेवढंच कोणी नीट सांगत नाही म्हणून लोक वैतागून परत इन्सुलिनच्या पेनवर जातात. मी स्वतः टाईप १ आहे, पंपवर आहे, आणि माझं मत सरळ आहे: हे मशीन हिशोबाला पक्कं आहे पण त्याला फक्त दोनच गोष्टी कळतात, सेन्सरचा आकडा आणि आपण किती इन्सुलिन ढकललं ते. तुम्ही जेवायला बसलात, कॅन्युला, म्हणजे कातडीखाली जाणारी बारीक नळी, आत दुमडली, अंगात ताप आहे, आता तासभर पळायला जाणार आहात, यातलं त्याला काहीही दिसत नाही. जे त्याला दिसत नाही ते त्याला वेळेवर सांगायचं, हे आपलं काम. डोसचे आकडे मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, इथले आकडे समजायला सोपं जावं म्हणून दिलेत. शुगर सगळीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे.

अंगावर काय काय असतं

पंप, सेन्सर आणि अल्गोरिदम. सेन्सर कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो, बहुतेक सिस्टीममध्ये दर ५ मिनिटांनी आकडा पाठवतो, अल्गोरिदम त्यावरून पुढच्या अर्ध्या-एक तासात शुगर कुठे जाणार याचा अंदाज बांधतो आणि त्याप्रमाणे पंप बेसल, म्हणजे दिवसभर थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, वाढवतो, कमी करतो किंवा पूर्ण थांबवतो, हाच ऑटो मोड. बोलस म्हणजे एकदम दिलेला डोस, जेवणासाठी किंवा वाढलेली शुगर उतरवायला (करेक्शन), आणि काही सिस्टीम वरून स्वतःहून करेक्शनचा बोलसही देतात. अशा प्रकारची पहिली सिस्टीम, मिनिमेड ६७०जी, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं मंजूर करणारी तिथली संस्था) २०१६ मध्ये मंजूर केली. त्यानंतर टँडेमचं कंट्रोल-आयक्यू, ऑम्निपॉड ५, मिनिमेड ७८०जी, कॅमएपीएस एफएक्स, आयलेट अशी रांगच लागली, आणि त्याच्याही आधीपासून लोकांनी स्वतः बनवलेले ओपनएपीएस, लूप वगैरे प्रकार होतेच.

या सगळ्यांना हायब्रिड क्लोज्ड लूप म्हणतात. हायब्रिड का, तर जेवणाचं अजूनही आपणच सांगायचं असतं. कारण साधं आहे, निरोगी स्वादुपिंड इन्सुलिन थेट रक्तात सोडतं आणि ते काही मिनिटांत काम करतं, आपलं मात्र कातडीखाली जातं. रॅपिड इन्सुलिन सुरू व्हायलाच १० ते २० मिनिटं, त्याचा जोर येतो १ ते २ तासांनी आणि असर राहतो ३ ते ५ तास. जेवणानंतर शुगर चढायला लागल्यावर पंपाने कितीही धावपळ केली तरी तो मागेच राहणार, यात मशीनचा दोष नाही.

घेण्याआधी

दोन-तीन गोष्टी आधी उरका. पहिली म्हणजे डोळ्यांची तपासणी, बाहुली मोठी करून रेटिना बघतात ती. वर्षानुवर्षं शुगर जास्त असलेल्या माणसाची शुगर एकदम भराभर खाली आली तर आधीच रेटिनोपॅथी (मधुमेहाने रेटिनाला झालेली इजा) असेल तर ती काही काळ बिघडू शकते, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. दुसरी म्हणजे कार्ब्स (कर्बोदकं) मोजायची सवय. ग्रॅमपर्यंत अचूक लागत नाही पण ताटात ३० ग्रॅम आहेत की ८० एवढा फरक नजरेला कळला पाहिजे. तिसरी गोष्ट मनाची, दिवसरात्र अंगाला दोन वस्तू चिकटलेल्या चालणार आहेत का. हे घरच्यांनी ठरवायचं नाही, ज्याच्या अंगावर लागणार त्याने ठरवायचं, विशेषतः दहावी-बारावीच्या वयातल्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी हे लक्षात ठेवा.

कुठला घ्यायचा यावर लोक फार भांडतात. मी म्हणेन फीचर्सच्या याद्या नंतर वाचा, आधी हे बघा: नळीवाला हवा की अंगाला थेट चिकटणारा, त्याबरोबर चालणारा सेन्सर तुम्हाला नियमित मिळेल का, आणि टार्गेट, म्हणजे पंप शुगर ज्या आकड्याकडे आणायला बघतो तो, किती खाली लावता येतं. ७८०जी मध्ये १००, ११० किंवा १२०, ऑम्निपॉड ५ च्या मूळ आवृत्तीत ११० ते १५०, आणि कंट्रोल-आयक्यू एका आकड्याऐवजी ११२.५ ते १६० चा पट्टा धरतं, झोपेच्या मोडमध्ये तो आवळून ११२.५ ते १२० करतं. टाईप २ वाल्यांसाठी सांगायचं तर ऑम्निपॉड ५ ला २०२४ मध्ये आणि कंट्रोल-आयक्यू प्लसला २०२५ मध्ये एफडीएने टाईप २ साठीही परवानगी दिली, तेव्हा हे आता फक्त टाईप १ चं राहिलेलं नाही.

सुरुवातीचे आकडे कुठून येतात

पहिल्या दिवशी डॉक्टर किंवा पंपाचे एज्युकेटर काही आकडे भरतात आणि आपण नुसती मान हलवतो. तसं करू नका, समजून घ्या. दिवसभराचं एकूण इन्सुलिन, म्हणजे बेसल आणि बोलस मिळून, हा पाया. पेनवरून पंपवर येताना तो आकडा बऱ्याचदा थोडा कमी करतात. समजा कमी करून तो ४० युनिट आला. त्यातला साधारण अर्धा बेसल, म्हणजे २० युनिट, तासाला ०.८ च्या आसपास. कार्ब रेशोसाठी ५०० ला ४० ने भागा, १२.५ येतात, म्हणजे १ युनिट साधारण १२ ग्रॅम कार्ब्स सांभाळेल. करेक्शनसाठी १८०० भागिले ४०, ४५ आले, १ युनिटने शुगर अंदाजे ४५ ने उतरेल. हे फक्त सुरुवातीचे आकडे आहेत बरं का, ऑटो मोडवर पुष्कळ जणांना कार्ब रेशो यापेक्षा जास्त कडक लागतो, १२ च्या जागी १० किंवा ९.

आता यातली खरी कामाची गोष्ट. कुठला आकडा बदलल्यावर तुमचा पंप ऐकतो ते माहीत करून घ्या, कारण प्रत्येकाचं वेगळं आहे. ७८०जी ऑटो मोडमध्ये असताना तुम्ही भरलेला बेसल आणि करेक्शन फॅक्टर वापरतच नाही, तिथे तुमच्या हातात कार्ब रेशो, टार्गेट आणि अ‍ॅक्टिव्ह इन्सुलिन टाइम (दिलेलं इन्सुलिन किती तास अंगात चालू धरायचं तो वेळ) एवढंच. ऑम्निपॉड ५ दिवसभराच्या एकूण इन्सुलिनवरून स्वतः शिकत जातं, तिथे ऑटोमध्ये बेसल बदलून काही होत नाही. कंट्रोल-आयक्यू मात्र तुमचा बेसल, करेक्शन फॅक्टर आणि कार्ब रेशो तिन्ही वापरतं, पण इन्सुलिनचा वेळ ५ तासच धरतं, तो बदलता येत नाही. लोक आठवडाभर बेसल खालीवर करत बसतात आणि आलेख ढिम्म हलत नाही, त्यामागे बरेचदा हेच असतं.

सेट बदलणं

सेट म्हणजे पंपापासून अंगापर्यंतची नळी आणि कॅन्युला. माझ्या मते पंपवरचे निम्मे प्रॉब्लेम इथे सुरू होतात, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

इन्सुलिन फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवा. गार इन्सुलिन तसंच भरलं की गरम झाल्यावर त्यात बुडबुडे सुटतात, आणि नळीत बुडबुडा म्हणजे तेवढं इन्सुलिन गेलंच नाही, पंप मात्र ते दिलं म्हणून मोजणार. हात साबणाने धुवा, रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची टाकी) भरा, उभं धरून बोटाने टिचक्या मारा, बुडबुडे वर आले की ढकलून बाहेर काढा. मग नळी भरायची. या वेळी नळी अंगाला जोडलेली नसलीच पाहिजे, हे दोनदा बघा, कारण नळी भरताना जेवढं इन्सुलिन जातं ते सगळं एकदम अंगात गेलं तर वाईट लो (शुगर फार खाली जाणं) येईल. टोकाशी थेंब दिसेपर्यंत भरायचं, एक नाही, दोन-तीन थेंब पडू देत.

जागा: पोट, मांड्यांची बाहेरची बाजू, कंबरेच्या मागे वरच्या भागात, दंडाची मागची बाजू. बेंबीपासून ५ सेंटीमीटर लांब, आधीच्या जागेपासून निदान २-३ सेंटीमीटर दूर. बोटं फिरवून बघा, कातडीखाली रबरी, फुगीर गाठ लागली तर तिथे अजिबात नको, तिथून इन्सुलिन कधी शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. तिथे दुखत नाही म्हणून लोक मुद्दाम तिथेच लावतात, ती सवय सोडा. स्पिरिटने पुसलं की पूर्ण वाळू द्या, ओल्यावर चिकटपट्टी धरत नाही. सेट लावा, सुई काढा, आणि कॅन्युला भरायला विसरू नका, ६ मिलिमीटरच्या कॅन्युलाला साधारण ०.३ युनिट लागतं, तुमच्या सेटचा आकडा पाकिटावर बघा.

सेट झोपायच्या आधी बदलू नका. सकाळी किंवा दुपारी, जेवणाच्या आधी बदला, म्हणजे लगेच बोलस जाईल आणि दोन तासांत आकडाच सांगेल की सेट चालतोय की नाही. जुना सेट काढल्यावर कॅन्युला फेकायच्या आधी उजेडात धरून बघा. सरळ आहे का, टोक दुमडलंय का, आत रक्त आहे का, पट्टी ओली आहे का, आणि वास घ्या. इन्सुलिनला दवाखान्यातल्या औषधासारखा एक उग्र वास असतो, तो पट्टीला आला म्हणजे इन्सुलिन बाहेर गळत होतं. दोन दिवसांपासून शुगर विनाकारण १८०-२०० ला का अडकली होती याचं उत्तर अनेकदा त्या पट्टीवरच सापडतं.

साधा सेट २ ते ३ दिवस, काही कंपन्यांचे ७ दिवस चालणारे वेगळे सेट आहेत, ऑम्निपॉडचा पॉड (अंगाला थेट चिकटणारा पंप) ७२ तास. एखादा दिवस ओढायचा मोह सगळ्यांनाच होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शुगर चढायला लागत असेल तर तुमच्या अंगाला तीन दिवस झेपत नाहीत, दोनवर या. ज्यांची मऊ कॅन्युला सारखी दुमडते, अगदी सडपातळ माणसं किंवा लहान मुलं, त्यांनी स्टीलच्या सुईवाला सेट विचारून बघावा, तो दुमडत नाही पण लवकर बदलावा लागतो.

सेन्सर

सेन्सरबद्दल जास्त लिहीत नाही, पण चार गोष्टी. तो रक्तापेक्षा ५ ते १० मिनिटं मागे असतो आणि शुगर वेगाने हलत असेल तर हा फरक चांगला जाणवतो. त्या कुशीवर झोपलात की आकडा खोटा खाली जातो, रात्री अचानक सरळ खड्डा पडलेला दिसला आणि कूस बदलल्यावर आपोआप वर आला तर तो लो नव्हताच. औषधांचं तर विचारूनच घ्या: काही सेन्सरवर पॅरासिटामॉलने आकडा खोटा वाढतो, हायड्रॉक्सियुरियानेही वाढतो, काहींवर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने, आणि ऑटो मोडवर हे नुसतं आकड्यापुरतं राहत नाही, पंप त्या खोट्या आकड्यावर खरं इन्सुलिन देतो. शेवटची गोष्ट म्हणजे लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचा, ग्लुकोमीटर कपाटात कायमचा ठेवून देऊ नका.

जेवण

इथेच सगळा खेळ आहे. ऑटो मोड रात्र सुंदर सांभाळतो, सकाळी ११०-१२० ला उठायला होतं आणि माणूस खूश होतो, पण दिवसाचा आलेख जेवणाच्या बोलसवर ठरतो.

बोलस आधी द्या. शुगर नॉर्मल असेल तर जेवणाआधी १० ते १५ मिनिटं, वर असेल तर अजून थोडं आधी, ८० च्या खाली असेल तर बसताबसता. किती खाणार हे नक्की नसेल, लहान मुलांचं तर कधीच नसतं, तर जेवढं नक्की खाणार तेवढ्याचा आधी द्या आणि वाढून घेतलं की उरलेल्याचा. अर्धा बोलस वेळेवर दिलेला पूर्ण बोलस उशिरा देण्यापेक्षा बरा, हे मी पैजेवर सांगेन.

उशीर झालाच तर? पेनवर असताना आपण काय करायचो, आठवलं की पूर्ण डोस टोचून मोकळे. इथे ते चालत नाही. शुगर चढताना बघून पंपाने बेसल वाढवलेला असतो, कदाचित करेक्शनही दिलेलं असतं, आणि आता तुम्ही वरून पूर्ण जेवणाचा बोलस दिलात की दोन तासांनी लो ठरलेलाच. साधारण शिकवतात ते असं, जेवण सुरू होऊन अर्धा तासही झाला नसेल तर पूर्ण द्या, अर्धा ते एक तास झाला असेल तर निम्मे कार्ब्स भरा, त्याहून जास्त झाला तर जेवणाचं सोडून द्या आणि पंप करेक्शन सुचवतोय का तेवढंच बघा.

आता ती सवय जी जवळपास सगळ्यांना लागते. शुगर २४० आहे, पंप हळूहळू आणतोय, धीर धरवत नाही म्हणून न खाल्लेले २० ग्रॅम कार्ब्स भरून जास्त इन्सुलिन काढायचं. मित्रांनो, नका करू. एकतर पंपाने आधीच जे दिलंय त्यावर तुम्ही चढवताय, आणि वर त्याच्या नोंदीत तुम्ही जेवलात असं लागलं, जे पंप रोजच्या एकूण इन्सुलिनवरून शिकतात ते तुमच्या या चलाखीवरूनही शिकतात, आणि पुढच्या भेटीत डॉक्टर तो रिपोर्ट बघून चुकीचा रेशो बदलतात. पंप खरंच ढिला वाटत असेल तर टार्गेट खाली घ्या, अ‍ॅक्टिव्ह इन्सुलिन टाइम कमी करता येतो का बघा, ७८०जी मध्ये तो २ तासांपर्यंत खाली येतो आणि त्याने स्वभावात चांगलाच फरक पडतो.

तळलेलं, चीज-लोणी भरपूर असलेलं जेवण हा वेगळा प्रकार. पहिले दोन तास सगळं छान आणि मग तिसऱ्या-चौथ्या तासाला शुगर चढायला लागते कारण फॅटमुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि इन्सुलिनही नेहमीइतकं लागू पडत नाही. काही पंपांवर ऑटो मोडमध्ये लांबवलेला बोलस देता येतो, काहींवर नाही, जिथे नाही तिथे पुष्कळ जण कार्ब्स दोन भागांत भरतात, एक जेवताना आणि एक तास-दीड तासाने. प्रमाण प्रत्येकाचं वेगळं, एकच जेवण दोन-तीनदा तसंच करून आलेख बघितल्याशिवाय कळत नाही.

लो आला तर

१५ ग्रॅम साखर घ्या आणि १५ मिनिटं थांबा, हे सगळ्यांना पाठ आहे. ऑटो मोडवर १५ बऱ्याचदा जास्त होतात. लो येतोय हे पंपाला आधीच दिसलेलं असतं, तुम्हाला घाम फुटेपर्यंत त्याने इन्सुलिन बंद करून बराच वेळ झालेला असतो, त्यावर १५ ग्रॅम खाल्ले की शुगर १८० ला जाते, पंप तिला खाली ओढायला लागतो आणि तासाभराने पुन्हा तोच प्रकार. साध्या लोला ५ ते १० ग्रॅम ग्लुकोज पुरतं, आणि त्यासाठी कार्ब्स पंपात भरायचे नाहीत, नाहीतर तो बोलस देईल. ५४ च्या खाली असाल, नुकताच मोठा बोलस गेला असेल किंवा व्यायामाने लो आला असेल तर मात्र पूर्ण १५ किंवा जास्तच. १५ मिनिटांनी बोट टोचून बघा, कारण सेन्सर अजून खालीच दाखवत असतो आणि घाबरून माणूस फ्रिजसमोर उभा राहून खातच सुटतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं औषध) असेल तर ते द्यायचं आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची, हे घरातल्या प्रत्येकाला आणि ऑफिसातल्या एका तरी माणसाला माहीत हवं.

शुगर वर अडकली तर

पंपवरचा खरा धोका हा, लो नाही. पंपात फक्त रॅपिड इन्सुलिन असतं, अंगात दिवसभर पुरणाऱ्या लाँग-अ‍ॅक्टिंगचा साठा नसतो. कॅन्युला दुमडली, नळी निघाली किंवा पॉड सुटला की काही तासांतच अंगातलं इन्सुलिन संपतं, कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढायला लागतात आणि डीकेए (त्यामुळे रक्त आम्लयुक्त होण्याचा जीवघेणा प्रकार) होऊ शकतो. ऑटो मोड इथे मदत करत नाही, उलट थोडी फसगतच करतो, कारण तो बिचारा शुगर वाढतेय म्हणून जोरात इन्सुलिन ढकलत राहतो आणि स्क्रीनवर अ‍ॅक्टिव्ह इन्सुलिन चांगलं ५-६ युनिट दिसतं, तुम्हाला वाटतं उतरेल आता. अंगात त्यातलं काही गेलेलंच नसतं.

म्हणून नियम हा: शुगर २५० च्या वर, करेक्शन जाऊनही दीड-दोन तासांत उतरायचं नाव नाही, तर विचार करत बसू नका. कीटोन बघा, रक्तातले बघता आले तर उत्तम, लघवीच्या पट्टीवर ते उशिरा कळतात. रक्तातले कीटोन ०.६ मिलिमोल प्रति लिटरच्या खाली असतील तर ठीक, तरी सेट बदला. ०.६ च्या वर गेले तर करेक्शनचा डोस पंपातून नाही, पेनने किंवा सिरिंजने द्या, कारण पंपाचाच तर संशय आहे, आणि मग पूर्ण सेट बदला, नवीन इन्सुलिनसकट. पाणी भरपूर प्या. १.५ च्या वर असतील तर डॉक्टरांना लगेच फोन, ३ च्या वर असतील किंवा उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास असं काही असेल तर सरळ हॉस्पिटल.

पेनने टोचल्यावर एक गुंता होतो. पंपाच्या हिशोबात जे इन्सुलिन आहे ते अंगात नाही, आणि अंगात जे टोचलंय ते पंपाच्या हिशोबात नाही. लगेच ऑटो मोड चालू ठेवला तर तो ३०० आकडा बघून अजून देऊ शकतो. त्यामुळे पुढचे ३-४ तास मॅन्युअल मोडवर (पंप फक्त भरून ठेवलेला बेसल देतो) राहायचं, तुमच्या टीमने वेगळा वेळ सांगितला असेल तर तेवढा, आणि मग परत ऑटो.

अजून एक, ज्यांना ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या आहेत, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, त्यांच्यात शुगर फार न वाढताही कीटोन वाढू शकतात. मळमळ आणि शुगर १८० असली तरी कीटोन बघा.

व्यायाम

टार्गेट वाढवायचं ते निघताना नाही, १ ते २ तास आधी. बहुतेक सिस्टीममध्ये व्यायामाचं टार्गेट असतं, १४०-१५० च्या आसपास, ते आधी लावलं तरच पळायला सुरुवात करताना अंगात कमी इन्सुलिन राहतं. नुकतंच जेवून जाणार असाल तर त्या जेवणाचा बोलस साधारण पाव ते एक तृतीयांश कमी करा. आणि पूर्वी आपण जे करायचो, जायच्या अर्धा तास आधी काहीतरी खाऊन घ्यायचं, ते इथे उलटं पडतं, पंपाला चढण दिसते, तो इन्सुलिन वाढवतो आणि नेमकं ते तुम्ही मैदानात असताना लागू पडतं. खायचंच असेल तर सुरू करायच्या ५-१० मिनिटं आधी थोडंसं. वजनं उचलणं, छोट्या वेगवान धावा यांनी शुगर उलट वाढते, अ‍ॅड्रेनालिनमुळे, ती बहुतेक वेळा स्वतःच उतरते, तेव्हा मोठं करेक्शन देऊ नका. जोरदार व्यायामाच्या दिवशी रात्रीही टार्गेट थोडं वर ठेवलं तर पहाटेचे लो टळतात.

पंप काढायची वेळ आली तर

आंघोळीला १०-१५ मिनिटं काढला तर काही बिघडत नाही. जास्त वेळ असेल तर काढताना डिलिव्हरी सस्पेंड करा, नाहीतर नळीच्या टोकातून इन्सुलिन गळत राहतं आणि पंप ते तुमच्या खात्यात जमा करत राहतो. तासाहून जास्त बिना इन्सुलिन राहायचं नाही. एमआरआय, सीटी स्कॅन, एक्स-रे याला पंप खोलीबाहेर, सेन्सरचं काय करायचं ते त्या कंपनीच्या सूचनेत बघा, एमआरआयला तर पॉडही काढावाच लागतो, म्हणून अपॉइंटमेंट पॉड बदलायच्या दिवशी घ्या. विमानतळावर पंप सामानाच्या एक्स-रे मशीनमधून पाठवू नका, हाताने तपासा म्हणून सांगा. विमान वर चढताना हवेचा दाब कमी होतो आणि रिझर्व्हॉयरमध्ये बुडबुडे सुटू शकतात, थोडं जास्तीचं इन्सुलिनही जाऊ शकतं, त्यामुळे उडाल्यावर आणि उतरल्यावर एकदा नळीकडे नजर टाका. सुटे सेट, इन्सुलिन सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं.

आजारपणात पंप कधीही पूर्ण बंद करायचा नाही, खाल्लं नसलं तरी. ताप, इन्फेक्शन, स्टेरॉइडच्या गोळ्या यांनी गरज एवढी वाढते की ऑटो मोड त्याच्या मर्यादेला जाऊन अडकतो आणि मॅन्युअलवर जास्त बेसल लावणं भाग पडतं, तो किती हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

रिपोर्ट कसा वाचायचा

रोजचा आलेख बघून रोज सेटिंग बदलू नका. १४ दिवसांचा एकत्र रिपोर्ट काढा. बहुतेक मोठ्या माणसांसाठी ठरलेली टार्गेट अशी: ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ, म्हणजे दिवसाचे साधारण १७ तास, ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी, ५४ च्या खाली १ टक्क्यापेक्षा कमी आणि २५० च्या वर ५ टक्क्यांपेक्षा कमी. गरोदरपणात पट्टाच वेगळा, ६३ ते १४०, आणि वयस्कर किंवा लो न कळणाऱ्या माणसांना ढील दिलेली असते.

बघायचा क्रम महत्त्वाचा. आधी ऑटो मोड किती टक्के वेळ चालू होता. तो ९० च्या खाली असेल तर बाकीचं सोडा, तो का बंद पडतो ते शोधा, सेन्सर तुटतोय, फोन लांब राहतोय की अलार्म बंद करून ठेवलेत. मग जेवणाचे बोलस चुकलेत का, उशिरा आहेत का. मग लो कधी येतात, बोलसनंतर दोन-तीन तासांनी येत असतील तर रेशो जास्त कडक आहे. हे सगळं ठीक असूनही जेवणानंतर रोज वर जात असेल तरच रेशो बदला, एका वेळी एकच आकडा, १० ते २० टक्के, आणि मग चार-पाच दिवस हात लावू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तर पंपही शिकत असतो, लगेच निकाल लावू नका.

अलार्मबद्दल: कंपन्या पहिल्या दिवशी सगळेच चालू करून देतात आणि चौथ्या दिवशी माणूस सगळेच बंद करतो. लोचा अलार्म आणि इन्सुलिन जात नसल्याचा अलार्म कधीच बंद नको. हायचा अलार्म सुरुवातीला २५०-२८० ला ठेवा, १८० ला ठेवलात तर प्रत्येक जेवणानंतर वाजेल आणि घरातल्यांची झोप जाईल. फोनवर चालणारी सिस्टीम असेल तर फोनचं ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट आलं की लगेच दाबू नका, तुमच्या अ‍ॅपला ते चालतं का हे कंपनीच्या यादीत बघून मगच.

मशीन कधीतरी बंद पडणार हे धरूनच चाला. बॅगेत कायम असू द्या: एक पूर्ण सेट किंवा पॉड, रॅपिड इन्सुलिनचं पेन आणि सुया, ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स, कीटोनच्या पट्ट्या, ग्लुकोजच्या गोळ्या, चार्जर. घरी फ्रिजमध्ये लाँग-अ‍ॅक्टिंग इन्सुलिनचं पेन, आणि त्यावरची एक्स्पायरी अधूनमधून बघा, कारण ते वापरलं जात नाही आणि गरज पडते तेव्हा नेमकं जुनं निघतं. पंप पूर्ण गेला तर लाँग-अ‍ॅक्टिंग किती टोचायचं तो डोस डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि पंपातली सगळी सेटिंग्ज, बेसलच्या वेळा, रेशो, करेक्शन, टार्गेट, यांचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा, सेटिंग बदलली की फोटोही नवीन. नवीन पंप हातात येतो तेव्हा तो कोराच असतो, रात्री दोन वाजता हेल्पलाइनवरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की तुमचे बेसल रेट सांगा.